तुमचं म्हणणं निम्मं मान्य

नमस्कार. अपंगत्वावरच्या रील्सवर मी चिडून एक लेख लिहिला होता. त्यावर ‘मॅडम, सगळं खापर रील्सवर काय फोडता? अपंगत्वाबद्दल आम्हाला जे कळलं ते मोबाईलवरच, लेक्चरला नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. इंटर्न आहात, चिडून लिहिलंय. चिडायला हरकत नाही.

लेक्चरची बाजू मी घेणारच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एमबीबीएसची नवी मार्गदर्शिका आली तेव्हा फाउंडेशन कोर्समधले (म्हणजे सुरुवातीच्या ओळखीच्या वर्गांमधले) अपंगत्वाचे ७ तासच उडवले होते. यावर आणि इतर मुद्द्यांवर ओरड झाली, मग सप्टेंबरमध्ये ती मार्गदर्शिका मागे घेतली. अपंगत्वापुरतं भांडण कशावरून, तर सात तासांवरून! अंध माणसाचा दंड धरून ओढायचं नाही, त्याला आपला धरू द्यायचा, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. अंध लोक स्वतःच्या व्हिडिओत ते सांगतात. ते जरूर बघा.

माझा राग दुसऱ्या रील्सवर होता, आणि लेखात मी दोन्ही एकाच दावणीला बांधल्या, ही चूक माझी. या दुसऱ्या प्रकारात मोबाईल आपल्या, म्हणजे उपचार करणाऱ्यांच्या, हातात असतो. गेल्या मे महिन्यात आमच्या फिजिओ विभागात (नागपूरचा मे, कूलरसमोरून कोणी हलेना) उमरेडकडचे एक काका कृत्रिम पाय लावून पॅरलल बारमध्ये (दोन्ही बाजूंना धरायला दांडे असतात त्यात) पहिल्यांदा चालले. चार पावलं. एका विद्यार्थिनीने शूट केलं, काकांना विचारून बरं का, आणि मागे गाणं टाकलं. काका बार धरून उभेच होते. म्हणाले, “बाई, ह्या पायानं खाली बसता येते का? आमच्याकडं खालचाच संडास हाय.”

उत्तर तिला येत होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. पण तिने प्रश्न ऐकलाच नाही, ती कॅप्शन टाइप करत होती. मग मीच विचारत बसले: दार किती रुंद, भिंत कोणत्या हाताला, पाण्याची बादली कुठे, खुर्ची आत मावेल का. पाऊण तास गेला. त्यात शूट करण्यासारखं काहीच नव्हतं.

लाइक्सनी पेशंटला हुरूप येतो, हा तुमचा दुसरा मुद्दा. येतही असेल. काका पुढच्या खेपेला आले तेव्हा मी विचारलं. व्हिडिओ त्यांना पोराने दाखवला होता. कॅप्शनमध्ये ‘एक योद्धा’ असं होतं.

“चांगला हाय,” म्हणाले. “पण त्यात माह्यं नाव काऊन नाही?”