पोट नाजूक आहे म्हणून जेवण बेचव कशाला?

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, पोट नाजूक असेल तर मसाला, फोडणी, आंबट सगळं कायमचं बंद, नुसता मऊ भात, उकडलेली भाजी आणि दूध घ्या, मसाल्यानेच अल्सर होतो वगैरे. आईला आयबीएस (आतड्यांचा त्रास: पोटदुखी, पोट फुगणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठ) आहे आणि तिचा स्वयंपाक मीच करते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. वयस्कर माणसं असलं वाचून खरंच तसं जेवायला लागतात, मग दोन घासांत ताट बाजूला सारतात आणि वजन उतरायला लागतं.

आधी अल्सरचं बोलू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो, मार्शलनी तर १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन बघितला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या. असलेल्या अल्सरला तिखट झोंबू शकतं, पण अल्सर तिखटाने होत नाही. गुडघ्यांसाठी रोज पेनकिलर घेणाऱ्या आजीची धण्याजिऱ्याची पूड बंद करून काय होणार, त्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला ना.

आता "मसाला बंद". त्रास देतं ते मिरचीतलं कॅप्सेसिन, आयबीएसवाल्यांना तर जास्तच. जिरं, धणे, बडीशेप, वेलची, दालचिनी, हळद यात ते नसतंच. मिरी झोंबते ती वेगळ्या कारणाने, ती बेताने घ्या. कांदा-लसूण मसाला मात्र खरंच कपाटात ठेवा.

आणि फोडणी! सगळ्यात जास्त चव तिथेच आहे आणि मेसेजवाल्यांनी नेमकी तीच काढून टाकली. कांदा-लसणात फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात, ते लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि पोट फुगतं. पण फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेला-तुपात नाही. म्हणून मी काय करते, चमचाभर तूप मंद आचेवर ठेवायचं, लसणाच्या पाकळ्या न ठेचता अख्ख्याच टाकायच्या, कडा सोनेरी झाल्या की सगळ्या काढून घ्यायच्या, मग त्याच तुपात जिरं तडतडलं की चिमूटभर हिंग, कढीपत्ता, आणि मुगाच्या पातळ वरणावर ओतायचं. घरभर लसणाचा वास आणि लसूण पोटात नाही. वरणात लसूण उकळून मग काढली तर मात्र उपयोग नाही, फ्रुक्टन पाण्यात उतरलेले असतात. कांद्याची हौस असेल तर पातीचा फक्त हिरवा भाग घ्या, तो बहुतेकांना चालतो. हिंगाच्या डबीत बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, सिलिअ‍ॅक म्हणजे गहू न चालणारा आतड्यांचा आजार असलेल्यांनी लेबल नक्की वाचा. तूप मात्र चमचाभरच, स्निग्ध जास्त झालं की अन्न पोटात रेंगाळतं.

आंबटाचं माणसागणिक वेगळं. घशाशी येत असेल तर टोमॅटो, लिंबू त्रास देऊ शकतं, पण तक्रार नुसती गॅसची असेल तर वरणात एखादं आमसूल घालून बघायला काय हरकत आहे?

दूध हा तर या मेसेजमधला सगळ्यात वाईट सल्ला. दुधाने जळजळ थोडा वेळ थांबते, पण नंतर त्यातल्या प्रोटीन आणि कॅल्शियममुळे अ‍ॅसिड पुन्हा वाढतं. शिवाय आपल्याकडे कितीतरी मोठ्या माणसांना लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही, म्हणजे ज्याचं पोट आधीच फुगतंय त्याला दूधभात देऊन आपण अजून फुगवतोय.

राहिलं "चव नसली तरी चालेल". नाही चालत. वास आला, जिभेला चव लागली की घास पोटात पोचायच्या आधीच जठररस सुटायला लागतो, रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हना १९०४ चं नोबेल पचनावरच्या कामासाठीच मिळालं होतं. जुलाब-उलट्यांनंतर एक-दोन दिवस साधं खाणं ठीक, पण वर्षानुवर्षं नाही.

नवीन चव एका वेळी एकच, थोडीशी द्या, दोन-तीन दिवस बघा, मग पुढची. शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, गिळताना अडकणं असं काही असेल तर मात्र स्वयंपाकात बदल करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.