'ठेवलेली बाई' : एका प्रतिक्रियेला उत्तर

अठराव्या शतकातल्या अमेरिकेतली मोहॉक बाई मॉली ब्रँट, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "ताई, ओरिस्कनीची लढाई १७७७ची, तुम्ही १७७८ लिहिलंय. जरा अभ्यास वाढवा. राणी-बिणी काही नाही, शेवटी ती जॉन्सनसाहेबाची ठेवलेली बाई, त्याच्या जिवावर मोठी झाली. त्या वाड्यात गुलाम राबत होते, त्यावर तुमची एक ओळ नाही. आणि आपल्याकडच्या बायका संपल्या का, की थेट अमेरिका गाठलीत?"

पहिलं मान्य. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली ती लढाई ६ ऑगस्ट १७७७ची. टंकताना चूक झाली, लेखात दुरुस्त केली आहे, आभार. चूक दाखवायला माझी कधीच ना नसते. पण एखादा माणूस "ताई" म्हणतो आणि त्याच दमात "अभ्यास वाढवा" म्हणतो, तेव्हा ते "ताई" कुठल्या चालीतलं आहे हे कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या जागी कुणी सर असते तर "सर, अभ्यास वाढवा" असं लिहिलं असतंत का? असो. खरं तर असो नाही. त्या लेखावर माझे तीन महिने गेले आहेत. तुमची तीन मिनिटं गेली असतील.

आता 'ठेवलेली बाई'.

हा शब्द तुम्ही सहज वापरलात, म्हणून मी जरा सावकाश उत्तर देते. ठेवणारा पुरुष, राहणारी बाई आणि घर पुरुषाचं, एवढं सगळं त्या शब्दात आधीच धरलेलं असतं. मॉलीच्या लोकांत यातलं शेवटचं मुळात खरं नव्हतं. ती मोहॉक, १७३६च्या सुमाराची. मोहॉक म्हणजे इरोक्वॉय संघातल्या सहा जमातींपैकी एक. इरोक्वॉय हे नाव फ्रेंचांनी रूढ केलेलं. ते लोक स्वतःला होडेनोशोनी म्हणवतात, म्हणजे लांब घराचे लोक. त्या लांब घरात एका कुळाच्या बायका आपापल्या चुली मांडून राहत आणि नवरे त्यांच्याकडे राहायला येत. आपल्याकडे ज्याला घरजावई म्हणून हिणवतात, ती तिथली रीत होती. मका, घेवडा, भोपळा पिकवणाऱ्या बायका, आणि शेत त्यांच्याच हातात. सॅचेम, म्हणजे कुळाचा परिषदेतला माणूस, कोण व्हायचा हे कुळातल्या वडीलधाऱ्या बायका ठरवत. सॅचेमपदाची खूण म्हणजे हरणाची शिंगं. तो नीट वागला नाही तर त्याच बाया ती शिंगं काढून घेत, की उतरला पदावरून. आणि मूल आईच्या कुळाचं. बाप कोण, लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं, यावर त्याची जात-पात अडत नसे. औरस-अनौरस हा प्रश्न त्या घरात कुणी विचारलाच नसता. तो आपण विचारतो. आपण म्हणजे तुम्ही.

तुम्ही म्हणाल, जॉन्सनच्या मृत्युपत्रातच तिला 'हाउसकीपर' म्हटलंय. म्हटलंय ना! मीही वाचलंय. सर विल्यम जॉन्सन, आयर्लंडहून आलेला, उत्तरेकडच्या इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांशी ब्रिटिश सरकारचा सगळा व्यवहार पाहणारा बडा अधिकारी. मॉली १७५९पासून त्याच्याबरोबर राहिली, त्यांची आठ मुलं जगली. आणि १७७४मध्ये मृत्युपत्र केलं तेव्हा तिच्या वाट्याला शब्द आले 'शहाणी आणि इमानी हाउसकीपर'. त्याच कागदात कॅथरीन वायझनबर्गला मात्र 'प्रिय पत्नी' म्हटलंय. ही कॅथरीन जर्मन, कराराने बांधलेली मोलकरीण म्हणून अमेरिकेत आलेली, १७५९मध्ये वारलेली. तिचं जॉन्सनशी लग्न झाल्याचा खात्रीचा पुरावा इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही. म्हणजे पुरावा दोघींचाही नाही, पण गोरीला पत्नी आणि मोहॉकला घर सांभाळणारी. एवढं दिसत असून तुम्ही त्या कागदावर विश्वास ठेवता, आणि अभ्यास मी वाढवायचा!

माझ्या आजीबद्दल सांगते. विषयांतर वाटेल, वाटू दे. कोल्हापूरकडचं आमचं गुऱ्हाळ आजीने चालवलं. आजोबांचं लक्ष तालुक्याच्या राजकारणात. सकाळी टोपी घालून गेलेला माणूस रात्री यायचा. हंगामात आजी पहाटे तीनला गुऱ्हाळावर. काहिलीतल्या पाकाचा थेंब वाटीभर गार पाण्यात सोडायची, दोन बोटांत धरून गोळी बघायची आणि काही न बोलता मान हलवायची. गुळव्या अनुभवी माणूस, पण तोही तिच्या मानेकडे बघितल्याशिवाय काहील उतरवत नसे. अडत्याशी भाव तीच करायची, उसाचे पैसे कुणाचे किती द्यायचे हे तिच्या तोंडपाठ. ती गेली तेव्हा नोंद करायला मीच गेले होते. फॉर्मवर व्यवसाय असा रकाना होता. समोरच्या कारकुनाने मला न विचारता लिहिलं, 'घरकाम'. मी म्हटलं, गुऱ्हाळ चालवायची. तो म्हणाला, "मॅडम, बायकांचं घरकामच लिहितात." तो दाखला अजून माझ्या कपाटात आहे. तेव्हा 'हाउसकीपर' हा शब्द कोण लिहितं, कुणासाठी लिहितं आणि त्यात काय काय गडप होतं, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

'त्याच्या जिवावर मोठी झाली' म्हणे. जॉन्सन जुलै १७७४मध्ये मेला. मॉली मुलांना घेऊन कनाजोहारीला आपल्या माणसांत परतली आणि तिने दुकान थाटलं. ज्या लढाईचं साल तुम्ही मला शिकवलंत, त्या लढाईत तिने काय केलं तेही वाचलं असतंत तर बरं झालं असतं. ब्रिटिशांनी अमेरिकनांच्या फोर्ट स्टॅनविक्स किल्ल्याला वेढा घातला होता. तो फोडायला अमेरिकन सेनापती हर्किमरचे सुमारे आठशे मिलिशियावाले, म्हणजे गावोगावचे हंगामी सैनिक, निघाले, हे मॉलीला कळलं आणि तिने ब्रिटिशांकडे धावणारे निरोपे पाठवले. निरोप वेळेत पोचला. ओरिस्कनीच्या घळीत हर्किमरची माणसं कापली गेली. याची किंमत तिने मोजली: इरोक्वॉय संघातले पण अमेरिकनांच्या बाजूचे ओनायडा आणि अमेरिकन लोक यांनी तिचं घर लुटलं, ती मुलांसह संघाची परिषद भरे त्या ओनोंडागाला पळाली. परिषदेत संघातल्याच सेनेका लोकांचा म्हातारा, वजनदार सरदार सायेनक्वेराघ्ता लढाई सोडून द्यावी असं बोलू लागला. भर सभेत मॉलीने त्याला विरोध केला, जुन्या वचनांची आठवण दिली, आणि परिषद तिच्या बाजूने वळली. साहेब तीन वर्षांपूर्वी पुरला गेला होता. मग ही कुणाच्या जिवावर बोलत होती?

१७७९मध्ये डॅनियल क्लॉजने कॅनडाचा ब्रिटिश गव्हर्नर हाल्डिमंडला कळवलं की इरोक्वॉय लोकांत तिचा एक शब्द कुठल्याही गोऱ्या माणसाच्या हजार शब्दांपेक्षा लांब पोचतो. क्लॉज म्हणजे जॉन्सनचा जावई, कॅथरीनच्या मुलीचा नवरा. त्याला मॉलीचं कौतुक करायची काही गरज नव्हती. मोहॉक लोक जॉन्सनचं ऐकत यात मॉलीचा वाटा किती होता, याचा हिशेब तुम्ही उलट्या बाजूने करून पाहा कधी तरी.

राणी हा शब्द मी लेखात एकदाच वापरला होता, तोही अवतरणचिन्हांत. तुम्हाला तेवढाच दिसला.

गुलामांबद्दल. होते. जॉन्सनच्या इस्टेटीवर काळे गुलाम होते, आणि मृत्युपत्रात मॉलीला जमिनीचा तुकडा, दोनशे पौंड आणि एक गुलाम बाईही मिळालेली आहे. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. प्रत्येक लेखात सगळं घालता येत नाही, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आपल्याकडच्या बायकांवर मी चौदा लेख लिहिले आहेत. मॉलीच्याच काळातल्या अहिल्याबाईंवरही आहे. त्याखाली तुमची प्रतिक्रिया दिसली नाही. आणि मी नऊ वर्षं कॅनडातल्या ऑन्टारिओत काढली आहेत. युद्धानंतर मॉली ज्या किंग्स्टनला राहिली, तिथे भर जानेवारीत सेंट पॉल चर्चच्या आवारात जाऊन आले आहे. १७९६मध्ये तिला तिथेच पुरलं. १७८३च्या पॅरिसच्या तहात ब्रिटिशांनी आपल्या इरोक्वॉय मित्रांचा साधा उल्लेखही केला नव्हता. तिला मात्र घर बांधून दिलं, वर्षाला शंभर पौंडांचं पेन्शन दिलं. ठेवलेल्या बाईला कुठलं सरकार पेन्शन देतं, तेवढं मला सांगा.

तिचं खात्रीचं एकही चित्र उरलेलं नाही. १९८६मध्ये कॅनडाने तिचं टपाल तिकीट काढलं तेव्हा चित्रकाराने एकीचे तीन चेहरे काढले. मला ते तिकीट फार आवडतं, हे आपलं सहज.

तिचं मोहॉक नाव कोनवात्सित्सियायेन्नी. कुणीतरी तिला फूल उसनं देतं, असा त्याचा अर्थ सांगतात. लेखाच्या पहिल्याच ओळीत ते होतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. दुरुस्त केलेल्या तारखेखाली तुमचे आभारही मानले आहेत. 'स्पष्टवक्ता' असंच लिहिलंय, खरं नाव तुम्ही दिलेलं नाही म्हणून.