खोटं नाही हो, पुसलेलं आहे

ज्या रबर प्लांटची पानं पुसता पुसता माझी मान धरली, त्याला काल घरी आलेल्या काकांनी ‘प्लास्टिकचं’ म्हटलं. काका म्हणजे माझे चुलत सासरे. त्यामुळे उत्तर गिळावं लागलं, आणि ते अजून घशातच अडकलंय.

पानं पुसणं हे बघणाऱ्याला फार निवांत काम वाटतं. चित्रांत तर एखादी हसरी बाई दोन बोटांनी पानावरून कापूस फिरवते आणि पान लखलखतं. तिला मान नसावी बहुतेक. प्रत्यक्षात आधी कोरडं मऊ फडकं फिरवून वरवरची धूळ काढावी लागते. ती न काढता ओलं फडकं लावलं की धुळीचा चिखल होतो आणि त्यातले कण पानावर बारीक चरे पाडतात. मग कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं घ्यायचं. रुसलेल्या पोराचं तोंड पुसताना आपण हनुवटी धरतो, तसं पान खालून तळहातावर तोलायचं आणि देठाकडून टोकाकडे अलगद जायचं. मग पानाची खालची बाजू. ती कोणी बघत नाही, हे खरं. पण लाल कोळी तिथे राहतो, पिठ्या ढेकूण तिथे राहतो, आणि रबर प्लांटची पर्णरंध्रं, म्हणजे ज्या छिद्रांतून ते हवा घेतं ती, तीही खालीच असतात. एखाद्या झाडावर कीड दिसली तर ते फडकं दुसऱ्या झाडाला लावायचं नाही, नाहीतर किडीची घरोघरी नेआण आपणच करतो. शेवटी कोरड्या फडक्याने टिपायचं, कारण पाण्यात क्षार असले तर थेंब वाळून पांढरे डाग पडतात आणि डागाळलेलं पान धुळकट पानापेक्षाही वाईट दिसतं.

इतकं सगळं झाल्यावर झाड खरोखर चमकतं. पाण्यानेच चमकतं. पानावर मुळातच मेणाचा पातळ थर असतो, धूळ गेली की तो दिसतो, बस्स. ही साधी गोष्ट काकांना पटली नाही.

“छान आहे. हल्ली प्लास्टिकची किती हुबेहूब मिळतात!”

“खरं झाड आहे काका.”

“अगं, मला काय सांगतेस! खऱ्या झाडाला इतकी चकाकी कधी असते का?” असं म्हणून त्यांनी पानावर टिचकी मारली आणि आवाज ऐकला. मग पान वाकवून बघितलं. मग, मी “काका, नको” म्हणेपर्यंत, अंगठ्याच्या नखाने पानाच्या बरोबर मधोमध एक रेघ ओढली.

रेघेतून पांढरा चीक आला.

“अरेच्चा! दूध आलं. खरंच आहे की!” काकांच्या चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद होता. त्यांनी बोटाचा वास घेतला, आणि मग ते बोट सोफ्याच्या उशीला पुसलं. हा चीक कोणाकोणाच्या कातडीला खाजरा ठरतो आणि कापडावर वाळला की निघता निघत नाही. ही माहिती मी काकांना दिली नाही. कातडी त्यांची होती. पण उशी माझी होती.

पानाचं सांगायचं तर, त्याची जखम भरत नाही. आपल्याला खरचटलं की नवी त्वचा येते. पूर्ण वाढलेल्या पानाला तशी सोय नाही. तो चरा आता तपकिरी होणार आणि पान गळेपर्यंत तसाच राहणार. आणि रबर प्लांटच्या पानांना गळायची बिलकुल घाई नसते.

“मग तेल कुठलं लावतेस?” काकांनी खुर्ची जवळ ओढली.

“तेल नाही लावत. पाणी.”

“नुसतं पाणी?”

“कोमट.”

“आणि पाण्यात काय?”

“काही नाही. अगदीच चिकट थर असला तर सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, आणि नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यायचं.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा नजर टाकली, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “सूनबाई, घरच्या माणसापासून काय लपवायचं?”

मी लपवत काही नव्हते, पण त्या क्षणापासून लपवल्यासारखं वाटायला लागलं. मी पुन्हा ‘पाणी’ म्हटलं. माझा आवाजही खोटारडा येत होता. काकांनी समजूतदारपणे मान हलवली आणि उदार मनाने स्वतःचं गुपित सांगून टाकलं: खोबरेल. ते घरी सगळ्या झाडांना खोबरेल लावतात. “आणि दोन्ही बाजूंनी बरं का. अर्धवट काम आपल्याला जमत नाही.”

म्हणजे श्वासाच्या छिद्रांवरच तेलाचं बूच. मी शक्य तितक्या नम्रपणे पर्णरंध्रांचं सांगायला सुरुवात केली.

“पण चमकतात की नाही?”

“चमकत असतील, पण तेलावर धूळ जास्त चिकटते ना काका?”

“चिकटते ना! फार चिकटते. म्हणून तर दर आठवड्याला पुन्हा लावतो.”

या उत्तरापुढे शास्त्र थांबतं. माझं तरी थांबलं. मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले, हीच काय ती संधी काकांनी साधली. बाहेर आले तर खिडकीतल्या एचेव्हेरियावर वाकून, थुंकी लावलेल्या रुमालाने ते एकेक पान घासत होते. एचेव्हेरिया म्हणजे ते गुलाबाच्या आकाराचं मांसल पानांचं छोटं झाड. त्याच्या पानांवर निळसर पांढरी पावडर असते. ती झाडाने स्वतः तयार केलेली मेणाची भुकटी असते. उन्हापासून आणि पाणी उडून जाण्यापासून ती झाडाचा बचाव करते. नुसत्या बोटानेही ती पुसली जाते आणि त्या पानावर पुन्हा नीटशी येत नाही. म्हणून त्या झाडाला मी स्वतःसुद्धा हात लावत नाही. मऊ ब्रश, तोही भीत भीत.

काकांनी रुमाल माझ्यापुढे धरला. “बघ! किती धूळ होती! तू मोठीच झाडं पुसतेस, छोट्यांकडे कोणाचं लक्ष नाही.”

सासरच्या नात्यांत काही जागा अशा असतात की तिथे माणसाने ‘हो ना’ म्हणायचं असतं. मी ‘हो ना’ म्हटलं.

माझी खरी चीड मात्र काकांवर नाही. म्हणजे आहेच, पण सगळी नाही. झाडांना काहीतरी चोपडलंच पाहिजे, ही समजूत सार्वत्रिक आहे. कोणी दूध लावायला सांगतं. दुधाचा थर वाळतो, आंबतो, वास मारतो. कोणी केळ्याची साल घासायला सांगतं. तिचा गोड चिकटा पानावर राहतो आणि मुंग्या-चिलटांची सोय होते. एका शिकलेल्या बाईंनी मला मेयोनेज सुचवलं. अंडं, तेल आणि आंबट, एवढं सगळं पानावर! पानावर चमक आणायचे तयार फवारेही मिळतात, आणि त्यांच्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडतं की लवदार पानांवर मारू नका, फर्नवर मारू नका, पानांच्या खालून मारू नका. ते अक्षर वाचायला भिंग लागतं. भिंग मी लाल कोळी शोधायला आणलं होतं. त्याचा दुसरा उपयोग हा.

लवदार पानं हे तर वेगळंच दुखणं. आफ्रिकन व्हायोलेटला ओलं फडकं चालत नाही, गार पाण्याचा थेंब पडला तरी डाग उमटतो. त्याला मऊ ब्रशच हवा. त्यासाठी मी नवऱ्याचा दाढीचा जुना ब्रश घेतला, तर ज्या ब्रशाकडे त्याने कित्येक वर्षांत ढुंकून बघितलं नव्हतं त्याच्यावर त्याचं एकाएकी प्रेम उफाळून आलं. नवऱ्याचं दुसरं एक वाक्य ठरलेलं आहे: “ही झाडं हवा शुद्ध करतात.” हे तो पाहुण्यांना सांगतो, मी गुडघ्यावर बसून पानं पुसत असताना. १९८९ साली नासाने छोट्या बंद पेट्यांत झाडं ठेवून प्रयोग केले होते, तिथून हे सुरू झालं. २०१९ साली अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा निघालं ते असं की इमारतीत बाहेरची हवा एरवीच खेळती असते, तिच्या बरोबरीचं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. दर चौरस मीटरला! ती पुसायला कोण बसणार आहे, ते त्या हिशेबात नव्हतं. आमच्याकडे तर हवा झाडांना शुद्ध करत नाही आणि झाडं हवेला करत नाहीत. दोघांची धूळ मी काढते.

कमळाचं बरं आहे. विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टॉफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली दाखवून दिलं, की कमळाच्या पानावर अतिसूक्ष्म उंचवटे आणि वर मेणाचे कण असतात, त्यामुळे पाण्याचा थेंब पानाला न चिकटता घरंगळतो आणि जाता जाता धूळ घेऊन जातो. पान स्वतःला स्वतःच पुसतं. कोणी मान मोडून घेत नाही, कोणी नखाने तपासत नाही. रबर प्लांटलाही रानात पाऊस धुऊन काढतोच. दिवाणखान्यात पाऊस नसतो. दिवाणखान्यात पंखा असतो, आणि पंख्याच्या पात्यांवर जो काळा थर साचलाय तोच हळूहळू माझ्या झाडांवर उतरतो. तो पुसायचं काम कोणाकडे आहे हे मी इथे लिहिणार नाही. लिहिलं होतं, खोडलं. फ्रीजवर कागद चिकटवून तिथे लिहिलंय. त्या कागदावरही आता धूळ आहे.

स्नानघरात नेऊन एकदम आंघोळच का घालत नाहीस, असंही विचारून झालंय. घालते की. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून, माती वाहून जाऊ नये म्हणून. छोटी झाडं, फर्न, मनी प्लांट, सगळी जातात. पण डोक्याला छत लागेल एवढा रबर प्लांट उचलून न्यायचा तर दुसरं कोणीतरी लागतं, आणि घरातलं दुसरं कोणीतरी तेव्हा पाहुण्यांना शुद्ध हवेबद्दल सांगत असतं.

असो. काका गेले. जाताना मला आठवणीने म्हणाले, “खोबरेल लावून बघ, मग मला फोन कर.” संध्याकाळी नवऱ्याने पुसलेल्या झाडांचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमची बाग.’ आमची! रात्री काकांचा निरोप आला: ‘मोठ्या झाडाच्या मधल्या पानावर रेघ दिसते आहे, रोग असावा, वेळीच औषध मारा. आणि खिडकीतल्या छोट्या झाडाची धूळ अर्ध्याच पानांची पुसली गेली आहे. सूनबाईंना म्हणावं, काम हातात घेतलं की पूर्ण करावं.’

नवऱ्याने त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, ‘हो काका, सांगतो तिला.’