‘वरून मोठे पार्ट लावा, ताकद आपोआप येईल’: हा सल्ला इंजिनं फोडतो

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो: मोठा कार्ब्युरेटर बसवा, जास्तीत जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅम घ्या, हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवा, जाड पाइपचा एक्झॉस्ट लावा. खालचं इंजिन (ब्लॉक, क्रँकशाफ्ट, रॉड) जुन्या काळचं भक्कम लोखंड आहे, ते उघडू नका. या सल्ल्यापायी पुन्हा मिळणार नाहीत अशी इंजिनं हकनाक जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

शेवटचा आधी, कारण तोच सगळ्यात घातक. ब्लॉक भक्कम असेलही, पण मार बसतो तो पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला आणि तिच्या बोल्टना. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि मागे फिरतो, तेव्हा रॉडवर पडणारी ओढ आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर्गाच्या प्रमाणात वाढते. 5000 ऐवजी 7000 ला ती जवळजवळ दुप्पट होते. मिनी कूपरचंच बघा. 1961 ची गाडी 997 सीसी आणि 55 अश्वशक्तीची होती. 1963 च्या कूपर एसला फक्त 1071 सीसीत 70 अश्वशक्ती मिळाली. त्यासाठी बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 81 मिमीवरून 68 मिमीवर आणला आणि क्रँकशाफ्ट नायट्राइड केलेल्या (पृष्ठभाग कडक केलेल्या) पोलादाचा दिला. म्हणजे खुद्द कंपनीनेसुद्धा सुरुवात खालून केली! तेव्हा रॉडचे बोल्ट नवे घ्या, क्रँकला तडा आहे का ते तपासून घ्या, बॅलन्सिंग करा, बेअरिंगचा क्लिअरन्स (फट) मोजा. ढोबळ हिशेब जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाचा: 50 मिमीला 0.05 मिमी.

आता कॅम. जास्त ड्युरेशनमुळे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होतो. खाली मात्र आत आलेलं मिश्रण पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण आणणाऱ्या नळीत) ढकलतो आणि पिकअप मरतो. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) वाढला की आयडलला व्हॅक्यूम पडतो, आणि व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक बूस्टर असेल तर पेडल जड होतं. रस्त्यावरच्या गाडीला हे परवडत नाही. इंजिन कुठल्या आरपीएमला जास्त वेळ राहणार, गिअर काय आहेत, गाडीचं वजन किती, हे ठरल्यावरच कॅम निवडायचा.

आणि तो बसवताना व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही याची खात्री करायची. पिस्टनच्या माथ्यावर खेळण्यातल्या मऊ मातीचा थर द्या, हेड घट्ट आवळा, टायमिंग जोडा आणि क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवा. हेड काढून ठसा उभा कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला साधारण 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमी तरी हवेत. हे काम टाळणाऱ्यांचे व्हॉल्व्ह वाकलेले मिळतात.

हेड घासण्याचंही तसंच. गणिताप्रमाणे 8.5 चं कॉम्प्रेशन 9.5 केलं तर कार्यक्षमता तीनेक टक्क्यांनी वाढते. फायदा खरा आहे, पण मर्यादित. पेट्रोलचा ऑक्टेन पुरला नाही तर नॉकिंगने (मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या धक्क्यांनी) पिस्टन जातो. शिवाय हेड जितकं घासाल तितके व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. कॅम आणि कॉम्प्रेशन एकमेकांकडे बघूनच ठरवावे लागतात, कारण इनटेक उशिरा मिटला की प्रत्यक्ष दाबही कमी भरतो.

कार्ब्युरेटरसाठी सोपं गणित आहे. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच आपल्या सीसीइतकी हवा ओढतं. 1.6 लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला फार तर 4800 लिटर ओढेल. त्याहून बराच मोठा कार्ब्युरेटर लावला की व्हेंचुरीतून (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून) हवा संथ जाते, पेट्रोल नीट फुटत नाही आणि ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते.

जाड पाइपचा दोष हाच. गॅसचा वेग पडला की पुढच्या सिलिंडरला मिळणारी ओढ संपते. पाइपचा व्यास सीसी आणि आरपीएमवरून ठरतो, आवाजावरून नाही.