सायकलला नंबर नाही, म्हणून पास नाही

पहिल्या दिवशी ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीच्या दादांनी हात आडवा केला. "मॅडम, पार्किंगचा पास?"

"दादा, सायकल आहे."

"हो, पण पासवर गाडीचा नंबर लागतो. हिला नंबर कुठाय?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या रजिस्टरला नाव, विभाग, गाडी नंबर आणि सही एवढे चारच रकाने होते आणि माझ्याकडे तिसऱ्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. शेवटी बाहेरच्या झाडाला साखळीने सायकल बांधली आणि दिवसभर जीव तिच्यात अडकून राहिला. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मनाशी ठरलं होतं, उद्यापासून पुन्हा बस.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. सकाळी उठल्यावर मी परत सायकलच काढली, आणि पुण्यातलं वारजे ते शिवाजीनगर हे साधारण साडेनऊ किलोमीटर आता आठवड्यातले चार दिवस सायकलनेच होतात. आज लिहायचं कारण वेगळं. गेल्या आठवड्यात आमच्या सेक्शनमधली एक मुलगी म्हणाली, "ताई, मलाही यायचंय हो सायकलने, पण ट्रॅफिकची भीती वाटते." मी म्हटलं, ट्रॅफिकचं बघू आपण, पण रात्री सायकल ठेवशील कुठे? ती तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, खालचं पार्किंग दुचाकींनी गच्च. तिने हा विचारच केला नव्हता.

माझं आता ठाम मत झालंय की पुण्यात माणसाची सायकल सुटते ती घराच्या दारात आणि ऑफिसच्या दारात. मधला रस्ता वाईट आहे, पण त्याची सवय होते. रोज सकाळी पंधरा किलोचं धूड दोन जिने उतरवायची सवय होत नाही.

पुणं सायकलींचं शहर होतं असं आपण म्हणतो, आणि लगेच जोडतो की तेव्हा गाड्या कमी होत्या, माणसं काटक होती. असतील. माझे बाबा कसबा पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जायचे, त्यातलं मला जे आठवतं ते सांगते. आमचं बिऱ्हाड वाड्यात, तळमजल्यावर. दिंडी दरवाजातून सायकल आत आली की चौकातल्या हौदाशी उभी राहायची. कुठे उचलायची नाही, चढवायची नाही. कारखान्याच्या गेटाशी सायकलींसाठी पत्र्याची लांबच लांब शेड आणि आत नळांची रांग. बाबा तिथे हातपाय-तोंड धुऊन कामाचे कपडे चढवायचे. रात्रपाळीला निघताना दिव्याचा डायनॅमो चाकाला नीट टेकतोय ना, एवढं तेवढं बघायचे, कारण बिनदिव्याच्या सायकलला पोलीस धरायचे. पुढे वाडा पडला, इमारत झाली. पार्किंगमध्ये मोटारींसाठी पट्टे आखले गेले, स्कूटरसाठी आखले गेले, आणि बाबांची सायकल जिन्याखाली पाण्याच्या पंपाशेजारी गेली. ती तिथेच गंजली.

म्हणून मी सुरुवात सोसायटीपासून केली. जिन्याखालच्या भिंतीत एक लोखंडी हुक ठोकू द्या, एवढंच मागितलं. पुढच्या चाकाने सायकल उभी टांगली की जमिनीवर फार तर दीड-दोन फूट रुंदी अडते. चेअरमन काकांची हरकत अशी की आधीच धूळ खात पडलेल्या सायकली काय कमी आहेत? त्यांचं खरं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून यादी केली, घरोघर विचारलं. अकरापैकी सात सायकली कुणालाच नको होत्या, मुलं मोठी होऊन निघून गेली होती. त्या दुरुस्त करून देऊन टाकल्या आणि भिंत मोकळी झाली. आता तिथे चार हुक आहेत.

घाम. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, विशेषतः बायका विचारतात, तेही दबक्या आवाजात. पहिला महिना मी पाठीला सॅक लावून जात होते आणि पाठ ओलीचिंब व्हायची. मागे कॅरिअर बसवलं, त्याला बाजूची पिशवी अडकवली, पाठ मोकळी सोडली, तसा निम्मा त्रास संपला. सोमवारी बसने जाते तेव्हा आठवडाभराचे इस्त्रीचे कपडे, ओढण्या आणि चपलांचा एक जोड ऑफिसच्या कपाटात ठेवून येते. सायकलवर साधा कुडता आणि ट्रॅकपँट. घरून साडेसातला निघते, मेच्या उन्हातही तेव्हा सुसह्य असतं, आणि शेवटचा एक किलोमीटर मुद्दाम रमतगमत जाते म्हणजे पोचेपर्यंत अंग निवलेलं असतं. ओल्या पंचाने पुसलं, कपडे बदलले, की कुणाला कळतही नाही मी कशी आले ते.

पण बदलायचे कुठे? आमच्या मजल्यावर रेकॉर्ड रूमशेजारी एक बाथरूम कित्येक वर्षं बंद होतं, आत फायलींचे गठ्ठे. त्यासाठी मी तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला "विचाराधीन". तिसऱ्यावर आणखी सहा जणींच्या सह्या घेतल्या, ज्यांतल्या एकीलाही सायकल चालवायची नव्हती. त्यांना डबा खाण्याआधी हात-तोंड धुवायला, पावसात भिजून आल्यावर साडी बदलायला जागा हवी होती. आठ दिवसांत फायली हलल्या. नळ, बादली, दाराला आतून कडी आणि भिंतीला दोन खुंट्या. या एका खोलीने माझी सायकल जेवढी टिकवली, तेवढी कुठल्याही सायकल ट्रॅकने टिकवली नाही.

गुडघे दुखले म्हणून सोडणारेही पुष्कळ भेटतात. त्यांना मी आधी सीटची उंची विचारते. सीटवर बसून पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट दोन-तीन बोटं खाली असते, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात. सीट वर घेतली की सिग्नलला उतरून उभं राहावं लागतं, ते आठवड्यात अंगवळणी पडतं.

पंक्चरचं मात्र सविस्तर सांगते, कारण दोनदा मी रडकुंडीला आले होते. माझा सकाळचा रस्ता राजाराम पुलापासून डीपी रोडने म्हात्रे पुलाला, तिथून नदीपात्रातल्या रस्त्याने भिडे पुलापर्यंत आणि मग जंगली महाराज रस्ता. नदीपात्रात गर्दी कमी, पण कडेला बाभळी. एकदा तिथे मागचं चाक बसलं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यांपैकी बरेचजण आता फक्त टू-व्हीलरचं ट्यूबलेस करतात. ढकलत ढकलत पेठेत एका जुन्या सायकल दुकानात गेले, नवी ट्यूब टाकून घेतली, घाईत पैसे देऊन निघाले, आणि दोन किलोमीटरवर पुन्हा चाक बसलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानातले आजोबा होते. त्यांनी ट्यूबला हात लावण्याआधी टायर पूर्ण बाहेर काढला, हातरुमालाचा बोळा केला आणि टायरच्या आतून सावकाश फिरवत नेला. एका ठिकाणी कापड अडकलं. पकडीने त्यांनी तिथून तांदळाच्या दाण्याएवढं काट्याचं टोक उपसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "बाई, हा आत असेपर्यंत किती ट्युबा घालशील?" बोट फिरवू नये, काच असली तर कापतं, कापड फिरवावं, हे त्यांनीच सांगितलं. मग मला समोर बसवून, पंधराचा पाना हातात देऊन, चाक काढायला आणि बसवायला लावलं. त्या दिवशी ऑफिसला सव्वा तास उशीर झाला आणि तेव्हापासून पंक्चरची धास्ती गेली. पिशवीत एक जादा ट्यूब, पाना, टायर रिमवरून सोडवायच्या दोन पट्ट्या (टायर लिव्हर) आणि हातपंप असतो. नवी सायकल घेणार असाल तर व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड आहे ना ते पाहून घ्या, म्हणजे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हला वेगळी टोपी जवळ बाळगावी लागते.

पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. मग कर्वे रोडशिवाय गत नाही. तिथे मी कडेला उभ्या मोटारींपासून दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवून चालवते, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. गटाराची झाकणं आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे ओले असले की त्यांच्यावर वळायचं नाही, ब्रेक आधीपासून हलके दाबत राहायचं. मडगार्ड हवेतच. चिखलाचा पट्टा पाठीवर उमटला की सगळ्या तयारीवर पाणी पडतं. आणि अगदी कोसळायला लागला तर मी जिल्हा न्यायालय स्थानकात जाऊन लिफ्टने सायकल वर नेते आणि नळस्टॉपला उतरते. मेट्रोत सायकल नेता येते हे अजून कितीतरी जणांना ठाऊक नाही.

महापालिकेबद्दल राग आहे, तो लपवत नाही. २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली तेव्हा सातारा रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅक झाले, त्यांवर पुढे काय काय उभं राहिलं ते तिकडे राहणाऱ्यांनी पाहिलंय. २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, ८०० किलोमीटरहून अधिक मार्गांचा. त्याच वर्षअखेरीस ॲपवरच्या भाड्याच्या सायकली औंधात आणि विद्यापीठात आल्या, लोकांनी हौसेने वापरल्या, आणि काही वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद फुटपाथ आणि ट्रॅक झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तिथून जाताना आजही बरं वाटतं, जिथे दुचाकी उभ्या नसतील तिथे. ट्रॅक मागत राहायलाच हवेत. पण त्यांची वाट पाहत बसले असते तर माझी सायकल बाबांच्या सायकलीसारखी गंजली असती. भिंतीतला हुक, बाथरूमची कडी, गेटवरचा पास यांना कुठल्या बजेटची गरज नव्हती, कुणीतरी अर्ज लिहायची गरज होती.

तो पास कसा मिळाला ते राहिलंच. जवळपास प्रत्येक सायकलच्या फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, बहुधा खाली, पेडलच्या दांड्याजवळ. मी सायकल उलटी केली, चिखल खरवडला, नंबर लिहून घेतला आणि बिलाची झेरॉक्स जोडून अर्ज दिला. दादांनी तिसऱ्या रकान्यात तो नंबर एकेक आकडा बघून उतरवला आणि जनरेटरच्या मागची जागा स्वतःहून दाखवली, सावलीची. त्या रजिस्टरमध्ये आता पाच सायकली आहेत, एक त्यांच्या मुलाचीही. तो कँटीनला लागलाय.

आमच्या सेक्शनमधल्या त्या मुलीची सहावी होईल. तिच्या तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांनी मागच्या गॅलरीची चावी तिला दिलीय. रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघी डीपी रोडवर एक फेरी मारणार आहोत. पाना मी नेणार आहे, चाक तिला काढायला लावणार आहे.