खादाड स्पीकर आणि दुप्पट वॅटचा सल्ला: एक प्रतिवाद

बारीकसारीक तपशील उघडे करणारे आणि भरपूर शक्ती मागणारे स्पीकर घरी आणणाऱ्याला आज ना उद्या एक सल्ला मिळतोच. तो थोडक्यात असा: स्पीकरवर जितके वॅट लिहिले असतील त्याच्या दुप्पट वॅटचा ॲम्प्लिफायर घ्या, कारण कमी वॅटचा ॲम्प्लिफायर ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वर वाजवणारा भाग) जाळतो, संवेदनशीलता (1 वॅटला मिळणारा आवाज) कमी असेल तर स्पीकर अवघड समजा आणि 8 ओहमच्या तुलनेत 4 ओहमच्या स्पीकरला वॅट दुप्पट करणाराच ॲम्प्लिफायर निवडा, डॅम्पिंग फॅक्टर (ॲम्प्लिफायरची स्पीकरला आवरण्याची क्षमता) जितका मोठा तितका खर्ज घट्ट, आणि प्रीॲम्प (मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधीचे, आवाजाची खुंटी असलेले यंत्र) हा निव्वळ चवीचा मामला असल्याने आवाज टोचत असेल तर ट्यूबचा (निर्वात नळीचा) प्रीॲम्प लावा, नाहीतर प्रीॲम्प काढूनच टाका. यातले एकही वाक्य साफ खोटे नाही, आणि म्हणूनच हा सल्ला इतकी वर्षे टिकून आहे. मात्र प्रत्येक वाक्य अर्ध्या वाटेवर थांबते आणि ऐकणाऱ्याचे पैसे पुढच्या अर्ध्या वाटेवर खर्च होतात.

पहिला मुद्दा दुप्पट वॅटचा. स्पीकरच्या पाठीवर छापलेला आकडा तो स्पीकर किती शक्ती सोसेल एवढेच सांगतो. त्याला किती लागेल याविषयी तो काहीच बोलत नाही. किती लागेल हे संवेदनशीलता, श्रोत्याचे अंतर, ऐकण्याची पातळी आणि संगीतातील चढउतार यांवरून ठरते, आणि तो हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. समजा, स्पीकर 1 वॅटला 1 मीटरवर 84 डेसिबल देतो. आपण साधारण 3 मीटरवर बसतो; मोकळ्या जागेत एवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबल घटतात, परंतु खोलीच्या भिंती आणि दुसरा स्पीकर यांमुळे त्यातले बरेच भरून निघतात. एकूण घट 5 डेसिबल धरली तर प्रत्येक स्पीकरला 1 वॅट दिल्यावर कानाशी 79 डेसिबल मिळतात. सरासरी 80 डेसिबलला ऐकायचे, म्हणजे घरातली माणसे तक्रार करू लागतील इतक्या मोठ्याने, तर सव्वा वॅट पुरतो. पण तबल्याच्या चाटीवरचा कडक आघात सरासरीच्या 15 डेसिबल वर गेला तर त्या क्षणी 40 वॅट लागतात, आणि न दाबलेल्या ध्वनिमुद्रणात तो 20 डेसिबल वर गेला तर सुमारे 125. एकाच स्पीकरची, एकाच खोलीतली गरज ध्वनिमुद्रणानुसार तिप्पट होते, मग पाठीवरच्या आकड्याला दोनाने गुणून हाती काय येणार? शिवाय वॅट दुप्पट केल्याने मिळतात ते फक्त 3 डेसिबल. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे 100 वॅटचा ॲम्प्लिफायर कमी पडतो आहे असे खरोखर जाणवत असेल तर 150 वॅटचा घेऊन फारसे काही साधत नाही. (ज्यांनी एके काळी टेपरेकॉर्डरवर ‘1000 वॅट पीएमपीओ’ अशा फुगवलेल्या आकड्याचे स्टिकर पाहिले आहेत, त्यांना छापील वॅटवर किती विश्वास ठेवायचा हे वेगळे सांगायला नको.)

ट्वीटर जळण्याच्या भीतीत मात्र तथ्य आहे, फक्त कारण चुकीचे सांगितले जाते. क्लिपिंग झाल्यावर, म्हणजे क्षमतेपलीकडे ढकलल्याने लहरीची टोके छाटली गेल्यावर, ॲम्प्लिफायर ‘डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) सोडतो’ असे म्हणतात. ते बरोबर नाही, दोन्ही बाजूंनी सारखी छाटलेली लहर ही प्रत्यावर्तीच असते. होते असे की 50 वॅटचा ॲम्प्लिफायर क्लिपिंगच्या पुढे ढकलत नेला तर लहर चौकोनी होत जाते आणि तो 100 वॅटच्या जवळपास शक्ती देऊ लागतो. त्यातच खर्जाची शिखरे छाटली जात असताना वरच्या पट्टीतले स्वर मात्र वाढतच राहतात, आणि तो सगळा भार ट्वीटरच्या नाजूक कॉइलवर पडतो. हा दोष आवाजाची खुंटी पिळणाऱ्या हाताचा आहे. तोच हात 400 वॅटच्या ॲम्प्लिफायरवर असेल तर ट्वीटर जळेलच, कदाचित वूफरही (खर्ज वाजवणारा भाग) सोबत जाईल.

दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यात दोन वेगळ्या अडचणींची गल्लत होते. संवेदनशीलता कमी असली की व्होल्टेज जास्त लागते. इम्पिडन्स (करंटला होणारा, ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) कमी असला की करंट जास्त लागतो. पहिली अडचण असलेल्या स्पीकरला दुसरी असतेच असे नाही. बीबीसीने 1970च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला एलएस 3/5ए हा छोटा मॉनिटर पाहावा: संवेदनशीलता जेमतेम 82-83 डेसिबल, पण मूळ आवृत्तीचा इम्पिडन्स 15 ओहम. करंटच्या दृष्टीने इतका सोशिक स्पीकर विरळा, आणि साधे ट्यूब ॲम्प्लिफायरही तो सुखाने चालवतात. अमेरिकेतील मॅग्नेपॅन कंपनीचे पडद्यासारखे सपाट स्पीकर संवेदनशीलतेत तसेच मंद, इम्पिडन्स 4 ओहमच्या आसपास, पण त्याचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत जाणारा. त्यांना वॅट हवे असतात, तरी ते ॲम्प्लिफायरची कोंडी करत नाहीत. याउलट 1980च्या दशकातील अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर चक्क 1 ओहमच्या घरात उतरणारा होता. त्याच्यापुढे भलेभले ॲम्प्लिफायर बंद पडत, आणि त्याच्या जोडीला क्रेलसारख्या, इम्पिडन्स निम्मा झाला की शक्ती दुप्पट देणाऱ्या अवजड यंत्रांचे नाव घेतले जाई. या तिघांनाही सरसकट ‘खादाड’ म्हणून एकच औषध देणे म्हणजे निदान न करताच गोळी देणे होय.

माहितीपत्रक वाचताना इथे एक मेख लक्षात ठेवावी लागते. संवेदनशीलता बहुतेक वेळा 2.83 व्होल्टला दिलेली असते. 8 ओहमला तेवढे व्होल्टेज म्हणजे 1 वॅट, पण 4 ओहमला तेच 2 वॅट होतात. म्हणून 4 ओहमच्या स्पीकरपुढे लिहिलेले 87 डेसिबल हे वॅटच्या हिशेबात 84च असतात. दुसरे असे की ‘8 ओहम’ हा नाममात्र आकडा आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्यक्ष इम्पिडन्स नाममात्र आकड्याच्या 80 टक्क्यांखाली, म्हणजे 6.4 ओहमखाली, जाऊ नये. प्रत्यक्षात 8 ओहम म्हणून विकले जाणारे कित्येक स्पीकर मध्य-खर्जात सव्वातीन-साडेतीन ओहमपर्यंत उतरलेले स्वतंत्र मोजमापांत दिसतात.

त्याहून अधिक त्रास देतो तो फेज, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्या वेळेतला फरक. व्होल्टेज आणि करंट यांची शिखरे एकाच क्षणी आली नाहीत, तर ॲम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर व्होल्टेजचा भार मोठा असतानाच त्यांतून करंटही मोठा वाहतो, आणि सगळी उष्णता त्यांच्यातच साठते. गणित करून पाहिले तर 4 ओहम आणि 45 अंश फेज असा बिंदू ट्रान्झिस्टरला, शिखर-उष्णतेच्या दृष्टीने, सुमारे 1.4 ओहमच्या शुद्ध रोधाइतका जड जातो. संरक्षक सर्किट मधूनच जागे होऊन आवाज तोडते ते अशा ठिकाणी, आणि मालकाला वाटते की वॅट कमी पडले. म्हणून स्पीकर निवडताना इम्पिडन्स आणि फेज यांचे आलेख एकत्र पाहावेत, आणि इम्पिडन्सचा तळ व फेजचे टोक एकाच वारंवारितेवर, त्यातही 60 ते 200 हर्ट्‌झच्या पट्ट्यात, येत नाहीत ना हे तपासावे. संगीताची बरीचशी शक्ती तिथेच खर्च होते.

आता ‘4 ओहमला वॅट दुप्पट’ या कसोटीकडे वळू. एक ॲम्प्लिफायर 8 ओहमला 100 आणि 4 ओहमला 200 वॅट देतो, दुसरा 8 ओहमला 180 आणि 4 ओहमला 300. दुप्पट करतो पहिलाच, पण दोन्ही ठिकाणी अधिक देतो दुसरा. पुष्कळदा 8 ओहमचा आकडा जाणूनबुजून कमी छापूनही हे ‘दुप्पट’ साधले जाते. मग पाहायचे काय? 2 ओहमला किती शक्ती, किती वेळ आणि किती विकृतीसह मिळते हे पाहायचे, आणि उत्पादक त्याबद्दल गप्प असेल तर त्या मौनाचाही अर्थ लावायचा. दोन ॲम्प्लिफायर ब्रिज करून, म्हणजे एकाच स्पीकरला दोन्ही टोकांकडून जोडून, मोनो चालवण्याची युक्तीही याच गोंधळातून येते. ब्रिज केल्यावर व्होल्टेज दुप्पट मिळते हे खरे, परंतु प्रत्येक बाजूला स्पीकरचा इम्पिडन्स निम्माच दिसतो. एलएस 3/5एच्या जातीच्या स्पीकरला ते एक वेळ चालेल. 3 ओहमला उतरणाऱ्या स्पीकरसाठी ते दुखण्यापेक्षा उपाय भयंकर ठरते.

डॅम्पिंग फॅक्टरचा मुद्दा लवकर आटोपतो. वूफरच्या कॉइलचा स्वतःचा रोध 6 ओहमच्या आसपास असतो आणि तो त्याच परिपथात बसलेला असतो. त्यात ॲम्प्लिफायरचे 0.08 ओहम मिळवले काय किंवा 0.008 मिळवले काय, एकूण रोधात एक-सव्वा टक्क्याचा फरक पडतो. 8 ओहमच्या स्पीकरला हेच अनुक्रमे 100 आणि 1000 डॅम्पिंग फॅक्टर झाले, म्हणजे त्या दोहोंत कानाला भेद उरत नाही. मात्र आउटपुट इम्पिडन्स 2 ओहमवर गेला, जसा काही ट्यूब ॲम्प्लिफायरचा असतो, की 4 ते 20 ओहम असा हेलकावे खाणारा स्पीकर त्याच्यावर पावणेतीन डेसिबलपर्यंत वेगळा वाजतो. ज्याला आपण ट्यूबचा ‘स्वभाव’ म्हणतो त्यातला मोठा भाग हा असा साधा इक्वलायझर असतो, आणि तो प्रत्येक स्पीकरवर वेगळा बसतो. अमेरिकन ॲम्प्लिफायर-रचनाकार बॉब कार्व्हर यांनी 1985 साली ‘स्टिरिओफाइल’ नियतकालिकाच्या संपादकांचे आव्हान स्वीकारून आपला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर त्यांनी निवडलेल्या महागड्या ट्यूब ॲम्प्लिफायरशी इतका जुळवून दाखवला की संपादकांना फरक सांगता येईना.

राहिला प्रीॲम्प. त्याची निवड चवीवर सोडण्याआधी दोन आकडेमोडी कराव्या लागतात, आणि त्या केल्या की ‘चवी’चे निम्मे प्रश्न तिथेच निकालात निघतात. पहिली गेनची, म्हणजे यंत्र संकेत कितीपट वाढवते याची. डॅक (डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे यंत्र) किंवा सीडी प्लेयर साधारण 2 व्होल्ट देतो. पॉवर ॲम्पचा (स्पीकर चालवणाऱ्या मुख्य ॲम्प्लिफायरचा) गेन 26 डेसिबल, म्हणजे वीसपट, असेल तर त्या 2 व्होल्टचे 40 होतात, आणि 8 ओहमला ते 200 वॅट झाले. मध्ये आणखी 20 डेसिबल वाढवणारा प्रीॲम्प घातला तर त्याची खुंटी नऊ वाजण्याच्या पुढे कधी जाणारच नाही. स्वस्त पोटेन्शिओमीटर (खुंटीमागचा बदलता रोध) नेमका त्याच टापूत डावे-उजवे सारखे ठेवत नाही, आणि गायिकेचा आवाज मधोमध न राहता एका बाजूला झुकतो. उघडे करणारा स्पीकर ही खोट लगेच दाखवतो, आणि खापर बहुधा त्याच्याच माथी फुटते.

दुसरी आकडेमोड इम्पिडन्सची. पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स प्रीॲम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान दहापट असावा, हा जुना नियम आजही खरा आहे, पण ट्यूब प्रीॲम्पबाबत तो सबंध श्राव्य पट्ट्यात तपासावा लागतो. आउटपुटला 0.47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि पुढे 47 किलोओहमचा पॉवर ॲम्प असेल तर खर्ज 7 हर्ट्‌झपर्यंत शाबूत राहतो. तोच प्रीॲम्प 10 किलोओहमच्या पॉवर ॲम्पला जोडला, आणि व्यावसायिक व क्लास-डी यंत्रांत असे आकडे सर्रास आढळतात, की 34 हर्ट्‌झलाच 3 डेसिबलची घट होते. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी निर्दोष असूनही जोडी फसते. मग मालक जाडजूड केबल आणतो.

प्रीॲम्प काढून पॅसिव्ह (काहीही न वाढवणारी निव्वळ खुंटी) लावण्याच्या सल्ल्यालाही हाच हिशेब लागू पडतो. पोटेन्शिओमीटरचा आउटपुट इम्पिडन्स जास्तीत जास्त त्याच्या मूल्याच्या चौथ्या हिश्शाइतका होतो. 10 किलोओहमचा असेल तर अडीच किलोओहम, आणि मीटरभर केबलला त्याची काहीच अडचण नाही. पण 100 किलोओहमचा असेल आणि पुढे पाच मीटर केबल, म्हणजे सुमारे 500 पिकोफॅरड, असेल तर 12.7 किलोहर्ट्‌झलाच आवाज 3 डेसिबलने उतरतो. यालाच कोणी ‘मऊ, सुखद’ म्हणेल आणि कोणी ‘निर्जीव’. टोचणाऱ्या आवाजावर ट्यूब प्रीॲम्पचा उतारा सुचवणाऱ्यांनी आधी उघड्या भिंती आणि स्पीकरचा कोन पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतरही ट्यूबचा रंग आवडत असेल तर तो खुशाल घ्यावा. मात्र तुलना करताना दोन्ही यंत्रांची पातळी मल्टिमीटरने जुळवून घ्यावी, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा प्रीॲम्प मोठा न वाटता चांगला वाटतो.

आपल्याला प्रत्यक्ष किती शक्ती लागते हे मोजण्यासाठीही तोच मल्टिमीटर पुरतो. आपल्या आवडीचे सर्वांत कमी पातळीवर मुद्रित झालेले संगीत लावून, ज्याहून मोठ्याने आपण कधी ऐकणार नाही अशा जागी आवाज ठेवावा. मग खुंटीला हात न लावता ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा काढाव्यात, तो पुन्हा सुरू करून 100 हर्ट्‌झच्या आसपासचा, कमाल डिजिटल पातळीपेक्षा 12 डेसिबल खालचा चाचणी-स्वर वाजवावा आणि ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवरचे एसी व्होल्टेज मोजावे. ते 3 व्होल्ट आले तर कमाल पातळीला चौपट, म्हणजे 12 व्होल्ट. 8 ओहमला 18 वॅट, आणि स्पीकर 4 ओहमचा असेल तर 36. आकडा 10 व्होल्ट आला तर मात्र 40 व्होल्ट आणि 4 ओहमला 400 वॅटची तयारी हवी, आणि तेवढा खर्च करण्याला मग कारण आहे. ही चाचणी ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवरच करावी. ट्यूब ॲम्प्लिफायर स्पीकर काढून चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.