‘वास्को द गामाची नोट, किंमत पाच लाख’: मेसेजातला एकेक दावा तपासू

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: वास्को द गामाचं चित्र असलेली पोर्तुगीज नोट घरात असेल तर पाच लाख मिळतात; गोव्यात या नोटा साडेचारशे वर्षं चालल्या; रिझर्व्ह बँक किंवा पोर्तुगाल सरकार त्या घेतं; आधी नोंदणी फी भरा. गोव्यातल्या कित्येक घरांत अशा नोटा खरोखरच जपून ठेवलेल्या आहेत, म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

पहिली गोष्ट, नोटेवरचा तो दाढीवाला वास्को द गामा नाही. 1945 आणि 1959 च्या नोटांवर अफोन्सो द अल्बुकर्क आहे, 1510 मध्ये गोवा जिंकणारा.

साडेचारशे वर्षं चालली ती नाणी. कागदी नोटा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या आणि 1906 पासून त्या बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या लिस्बनच्या बँकेने काढल्या. तेव्हा चलन रुपिया होतं, 16 तांगांची एक रुपिया. 1959 च्या नोटा मात्र एस्कुदो या पोर्तुगीज चलनाच्या, आणि त्यांतले काही आकडे बघा: 30, 60, 300, 600. एका रुपियाला 6 एस्कुदो असा दर ठरला, म्हणून 5 रुपियांच्या जागी 30 ची नोट आली. ‘30 चा आकडा म्हणजे छपाईतली दुर्मीळ चूक’ असं सांगून कोणी जादा पैसे मागत असेल तर सरळ उठून या.

आता किमतीचं. हीच बँक मोझांबिक, मकाव, तिमोरसाठीही नोटा काढत असे. त्यामुळे बँकेचं नाव वाचून थांबू नका, प्रदेशाचं नाव शोधा. मोझांबिकच्या जुन्या नोटांवर 1976 मध्ये ‘बांको द मोसांबिक’ असा ठसा मारला गेला. त्या ढिगाने मिळतात आणि स्वस्तात जातात. त्याच ‘गोव्याच्या’ म्हणून विकणं ही उघड फसवणूक आहे. नोट खरोखर गोव्याची असली तरी भाव ठरतो तो मालिका, दर्शनी मूल्य आणि अवस्था पाहून. घडी, टाचणीची भोकं, फाटलेली कड यांनी भाव झपाट्याने उतरतो.

रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलीही फी घेत नाही. पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेने स्वतःच्या एस्कुदो नोटा बदलून दिल्या, त्याही 28 फेब्रुवारी 2022 पर्यंतच. वसाहतीच्या नोटा तिच्या नव्हत्याच.

नोट न पाहता फी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आणि कृपा करून नोटेला इस्त्री किंवा लॅमिनेशन करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून जाणत्या संग्राहकाला दाखवा.